आजीच्या पावलाने माचू पिक्चूला

दूरदेशीचे डोंगर पाहावयास सहकुटुंब निघावयाचे, तर केवळ पैशांची तजवीज करून भागत नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या माचू पिक्चू या प्राचीन नगरास जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांना आम्ही एकच सूत्र सांगतो: घरातील सर्वांत अशक्त माणसाच्या श्वासावरून मार्ग ठरवावा.

माचू पिक्चू समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंच आहे. पंधराव्या शतकात इंका लोकांनी चुन्यावाचून दगड सांधून तेथील उत्तम इमारती उभारल्या. १९११ साली हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने ते नगर जगापुढे आणले. तेथल्या शेतकऱ्यांना मात्र ते आधीपासून ठाऊक होते.

नवल असे की, वाटेवरचे कुस्को शहर त्याहूनही उंच, सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे. समुद्रकाठच्या लिमाहून विमान दीड तासाच्या आत तेथे पोहोचते. शरीरास इतकी घाई सोसत नाही. डोके दुखते, मळमळते, धाप लागते. म्हणून विमानतळावरून थेट खालच्या उरुबांबा खोऱ्यात उतरावे व दोन रात्री विसावा घ्यावा. पुढे ओलांतायतांबोहून आगगाडी पायथ्याच्या गावी नेते, तेथून बस वर चढते. कुस्को परतताना पाहावे. त्रास वाढलाच, तर तरुणांच्या हौसेखातर आजीला उंचावर थांबवू नये. खाली उतरणे हाच खरा उपाय.

कुस्कोतील सांतो दोमिंगो मठ अवश्य पाहावा. स्पॅनिश विजेत्यांच्या अमलात इंकांच्या सूर्यमंदिरावर तो बांधला गेला. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी हानी झाली, इंकांच्या भिंती मात्र टिकल्या. आपल्याच धर्मबांधवांनी जितांचे देवालय मोडले, हे मुलांपासून लपवू नये.

मे ते सप्टेंबर हे कोरडे महिने सोयीचे. प्रवेशिका मोजक्या व ठरावीक वेळेच्या असतात. त्या आगाऊ घ्याव्यात. पेरूहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो आणि लस टोचल्यावर दहा दिवसांनीच तो ग्राह्य ठरतो. साठी उलटलेल्यांना ही लस द्यावी की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. तेव्हा विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी आजीला डॉक्टरांकडे न्यावे. त्यांनी नको म्हटले, तर दुसरा डोंगर निवडावा. आजीला घरी ठेवून केलेल्या यात्रेस सहकुटुंब कसे म्हणावे?