निरोप भलेपणाने

खुल्याच्या कागदावर सह्या करून परतताना अब्बा रिक्षात म्हणाले, "बेटा, आता उलटसुलट निरोप नकोत. मेहर, सामान, काहीही असो, मी बोलेन." मी मान हलवली. घरी आले आणि आधी मोबाईल उघडला. त्यांचा फोटो बदलला का, शेवटचे ऑनलाइन कधी होते, तेच पाहत बसले.

खुला मी मागितला होता, म्हणून लोकांना वाटायचं की मी सुटले. पण सहा वर्षांची सवय सहीनं जात नाही. मगरिबनंतरची वेळ सगळ्यात वाईट. दुकान बंद करताना ते फोन करायचे, "काय आणू?" एवढंच विचारायला. त्या वेळी माझा कान फोनकडेच असायचा. बाजाराला जाताना मी पापाची तिकटी टाळायची. त्यांचं दुकान तिथंच.

एका रात्री न राहवून मेसेज केला, "जेवलात का?" उत्तर आलं, "हो. तू?" तेवढ्यानं मी हुरळले. दुसऱ्या रात्री त्याच बोलण्यातून जुनं भांडण निघालं आणि पहाटेपर्यंत मी रडत होते. खाला म्हणाली, "खपली रोज काढून बघशील, तर जखम भरणार कधी?" त्या दिवशी नंबर पुसला. फोटो खालाच्या कपाटात ठेवायला दिले.

आमच्या मौलानांनी मला तीन पाळ्यांची इद्दत सांगितली होती. गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत, विधवेला ४ महिने १० दिवस. आपण हा हिशेब गर्भापुरताच मोजतो. मला मात्र त्या दिवसांत वाटलं, ही मुदत मनालाही मिळालेली आहे. रोजचा दिवस मोजायचा, आजचा दिवस फोन न करता काढायचा. मगरिबनंतर मी शेजारच्या मुलींचा अभ्यास घेऊ लागले. ती वेळ भरली, तसा कान शांत झाला.

सासूबाईंशी तुटणं जास्त जड गेलं. त्यांना साखरेचा आजार. इन्सुलिनची सुई मीच द्यायची. ईदला त्यांनी शेजारणीच्या हाती शीरखुर्म्याचा डबा पाठवला. मी पोटभर रडले आणि पोटभर खाल्लं. डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यांना गोड चालत नाही, म्हणून तिखट भडंग करून भरलं. चिठ्ठी ठेवली नाही, फोनही केला नाही.

सूरह बकराच्या २२९व्या आयतीत नांदवायचं तर रीतीनं आणि सोडायचं तर भलेपणानं, असा हुकूम आहे. पूर्वी मला वाटायचं, भलेपणा म्हणजे बोलणं चालू ठेवणं. आता वाटतं, न बोलणं हाही भलेपणा असू शकतो, फक्त माघारी त्यांची निंदा करायची नाही. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, "आमचं जमलं नाही. अल्लाह त्यांचं भलं करो."

पहिल्यांदा हे म्हणताना आवाज कापला होता. आता कापत नाही. परवा पापाची तिकटीवरूनच बाजाराला गेले.