मागे उरलेली नोंद

२०१२ साली विक्रीस आलेल्या रास्पबेरी पायसारख्या, एकाच पाटीवर सामावलेल्या संगणकाची प्रकृती पाहताना नजर प्रथम भारसरासरीकडे, म्हणजे गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांत चालू असलेल्या व खोळंबलेल्या कामांच्या सरासरीकडे जाते. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर हा आकडा चारच्या वर गेला तरी प्रोसेसर जवळजवळ रिकामा असू शकतो, कारण संथ मेमरी कार्डापाशी अडलेली कामेही लिनक्स त्यात धरते. श्रम आणि खोळंबा यांतला हा फरक माणसाला स्वतःच्या थकव्यातही क्वचितच ओळखता येतो.

तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की प्रोसेसरचा वेग उतरू लागतो, आणि वीजदाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली घसरल्यास तशी खूण नोंदली जाते, जी दाब पूर्ववत झाल्यावरही यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत पुसली जात नाही. निरीक्षकाला अस्वस्थ करते ती हीच, सारे सुरळीत असताना मागे उरलेली नोंद. ती अशक्तता केव्हा आली, किती वेळ टिकली, हे मात्र ती सांगत नाही.

मोजणारा प्रोग्रॅमही त्याच प्रोसेसरवर चालतो व बहुधा त्याच कार्डावर लिहितो, म्हणून क्षणोक्षणी मोजण्याचा हव्यास (तो सहजी सुटत नाही, हेही खरे) यंत्राचाच भार वाढवतो. घरगुती वापराच्या यंत्राला मिनिटाला एक नोंद पुरेशी आहे.