जिप्सीतून दिसलेला वाघ

'वाघ आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही. आपण शांत राहिलो की तो आपल्याकडे बघतसुद्धा नाही,' असं मी धानोरा तालुक्यातल्या एका गावात, पालकसभेत, मोह वेचायला जाणाऱ्या बायकांसमोर ठासून सांगितलं होतं. तेव्हा मी नुकताच ताडोबा पाहून आलो होतो. माझ्या सांगण्यावर विसंबून कुणी बेसावध राहिलं असतं तर जीव गेला असता. तसं झालं नाही, कारण त्या बायकांनी माझं ऐकलं नाही.

मी सांगली जिल्ह्यातला, उसाच्या पट्ट्यातला. शिक्षक म्हणून धानोऱ्याकडे आलो आणि इथलाच झालो. गडचिरोलीहून निघून चातगाव ओलांडलं की रान दोन्ही बाजूंनी रस्त्याला भिडतं. हाच रस्ता पुढे मुरूमगाववरून छत्तीसगडात जातो. जिल्ह्याचा जवळपास पाऊण भाग जंगल. माझी पोरं त्याच जंगलातल्या पायवाटांनी शाळेत येतात. तरीही 'जंगल बघायचं' म्हटल्यावर मला ताडोबाच आठवला. गेट नाही, तिकीट नाही, गाईड नाही, असलं रान माझ्या लेखी फक्त दोन गावांमधलं अंतर होतं.

2024 च्या होळीच्या सुट्टीत कुटुंबासह गेलो. ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. तेव्हाचं क्षेत्र जेमतेम 116 चौरस किलोमीटर. 1986 मध्ये अंधारी अभयारण्य झालं, 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. आज नुसता गाभाच सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि भोवतीचं बफर त्याहून मोठं. ही माहिती जाण्याआधी मी पाठ केली होती, वर्गात सांगता यावी म्हणून. पण आत गेल्यावर मला वाघाशिवाय काहीही दिसेना. गाईड हळू आवाजात दाखवत होता: पानं गळून गेल्यावर पांढऱ्याफटक खोडाने उठून दिसणारी कडई, रस्त्याकडेला गोंड राजांच्या काळातले म्हणून सांगितले जाणारे दगडी खांब, तळ्याकाठचं तारूचं ठाणं. हा तारू गावाचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. त्याच्याच नावावरून ताडोबा. ज्या उद्यानाचं नावच वाघाने मारलेल्या माणसावरून पडलं आहे, तिथे बसून मी दर वळणावर 'वाघ कुठंय?' एवढंच विचारत होतो. ही गोष्ट नीट कानात शिरली असती, तरी पुढचं बरंच टळलं असतं.

सांबराचा 'ढोंक' आला. मग एकामागोमाग गाड्या धावल्या, धुरळा उडाला आणि रस्त्याच्या डाव्या अंगाला बांबूच्या बेटाशी वाघीण दिसली. उन्हं चढली होती. तिला रस्ता ओलांडून पलीकडच्या पाणवठ्यावर जायचं होतं. दोन पावलं पुढे आली, थांबली, कान मागे घेतले आणि परत बांबूच्या सावलीत जाऊन बसली. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. आमचा गाईड म्हणाला, 'थोडी मागं घेऊ गाडी, तिले वाट देऊ.' मी म्हणालो, 'इतक्या लांबून आलोय, जरा पुढे घ्या ना.' आवाज मी चढवला होता. मुलीला नीट दिसावं, हे कारण मी स्वतःला दिलं. बाकीच्या गाड्यांतही माझ्यासारखेच लोक होते. वाघीण बराच वेळ बसून राहिली, धापा टाकत, आणि शेवटी पाणी न पिता उलट्या दिशेने आत निघून गेली. आम्ही मात्र खूश होऊन गेटवर परतलो. त्याच वर्षाच्या अखेरीस, 31 डिसेंबरला, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्हीकडून घेरलं. चित्रफीत सगळीकडे फिरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ती चित्रफीत माझ्या मुलीने मला दाखवली आणि एवढंच विचारलं, 'बाबा, आपणही असंच केलं होतं ना?' मी हो म्हणालो.

पण ताडोब्यातल्या त्या दुपारी माझ्या डोक्यात वेगळंच बसलं होतं. इतक्या गाड्या, इतकी माणसं, आणि ती वाघीण आमच्यावर साधी गुरगुरलीही नाही! म्हणजे वाघ माणसाला मोजतच नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं, असा माझा समज झाला. खरं तर तिने माणूस पाहिलाच नव्हता. तिने जिप्सी पाहिली होती. बछडी असल्यापासून रोज, ठरावीक रस्त्यावरून येणारी, तशाच वासाची, तशाच आवाजाची एक मोठी वस्तू. जिच्यातून कधी कुणी खाली उतरत नाही, जी कधी झुडपात शिरत नाही. त्या वस्तूकडे दुर्लक्ष करायला वाघ शिकलेला असतो. तो धडा पायी चालणाऱ्याला लागू होत नाही.

हे सगळं आज मी सरळपणे लिहू शकतो. त्या सभेत मात्र मी फोटो दाखवले, वाघीण किती शांत होती ते सांगितलं. राज्यात 2022 च्या गणनेत 444 वाघ निघाले, ही अभिमानाची गोष्ट आहे, हेही सांगितलं. शेवटी सल्ला दिला: अंधारात जाऊ नका, चांगलं नऊ वाजता जा, आणि झाडाखालचा पाला जाळू नका. बायका ऐकत होत्या. माझ्या वर्गातल्या एका पोराची आजी मागच्या भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, 'सर, तुमी गाडीत बसून पायला वाघ. आमी वाकून रायतो. वाकलेला मानूस त्याले मानूस नाई दिसत.'

सभेत थोडी कुजबुज झाली. मी हसून विषय पुढे नेला. ते हसणं मला आज सगळ्यात जास्त बोचतं. आजीने एका वाक्यात जे सांगितलं होतं, ते वन्यजीव अभ्यासकही सांगतात. वाघ मागून येतो आणि मानेवर झेप घेतो. उभ्या, दोन पायांवर चालणाऱ्या माणसाचा आकार त्याच्या ओळखीच्या भक्ष्यासारखा नसतो. पण मोह वेचायला, तेंदूची पानं तोडायला किंवा शेण गोळा करायला माणूस वाकला, उकिडवा बसला, की झुडपातून दिसते ती ठेंगणी पाठ. बंगालच्या सुंदरबनात 1986 पासून मध आणि लाकडं गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायला दिला, तो याच विचाराने, की वाघाला आपल्यावर कुणाची तरी नजर आहे असं वाटावं.

आणि मला हे कळायला सुंदरबनापर्यंत जायची गरज नव्हती. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यातच, व्याघ्रगणनेसाठी खुणा शोधत पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती वाघीण 'माया' होती. ताडोब्यातली सगळ्यात जास्त फोटो काढले गेलेली, गाड्यांच्या गर्दीत निवांत बछडी घेऊन चालणारी माया. तीच वाघीण, तेच जंगल. फरक एवढाच की समोरचा माणूस पायी होता. वडशाकडे सीटी-1 नावाचा वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये जेरबंद झाला, तेव्हा त्याच्या नावावर 13 माणसांचे बळी होते. मी तेव्हा धानोऱ्यातच राहत होतो, बातमी वाचली होती आणि 'तिकडचं' म्हणून पान उलटलं होतं. वाघ मात्र ब्रह्मपुरीच्या बाजूने वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत पसरत होते. बरीच वर्षं ज्या रानात वाघ क्वचितच कुणाला दिसला होता, तिथे तो परत येत होता. म्हाताऱ्यांना तो आठवत होता, मधल्या पिढीला सवय उरली नव्हती आणि नेमक्या अशा वेळी मी सभेत उभा राहून निर्धास्त राहा म्हणालो.

आजीची मी माफी मागितली ती पुढच्या मोसमात, आणि तीही तिच्या मागोमाग मोहाखाली गेल्यावर. तोवर मोह म्हणजे काय हे मला फक्त दारूवरून माहीत होतं.

भल्या पहाटे, चांगलं अंधारातच निघालो. हातात बॅटरी, डोक्यावर टोपल्या. बायका मुद्दाम मोठमोठ्याने बोलत होत्या. मला वाटलं गप्पा चालल्यात. तो अस्वलासाठी इशारा होता. मोहाच्या दिवसांत इथल्या लोकांना वाघाइतकीच अस्वलाची धास्ती असते, कारण त्यालाही तीच फुलं हवी असतात. प्रत्येक झाड कुणाचं ना कुणाचं ठरलेलं. झाडाखाली उभं राहिलं की टप् टप् आवाज येत राहतो. फूल जाड, गरदार, फिकट पिवळसर, बोटात धरलं तर चिकट आणि वासाने डोकं गरगरवणारं. एकेक उचलायचं. खाली वाळक्या पानांचा थर असेल तर फूल त्यात बुडतं, म्हणून लोक पाला झाडून जाळतात. यातून वणवे लागतात हे खरं आहे आणि ते थांबायला हवेत हेही खरं आहे. पण पाला का जाळतात हे न विचारता मी 'जाळू नका' म्हणालो होतो. आता काही जण झाडाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरतात. फुलं त्यावर पडतात, जाळायला लागत नाही आणि वाकणंही कमी होतं.

'नऊ वाजता जा' हा सल्ला तर मी तिथल्या तिथे गिळला. उजाडता उजाडता चितळं आणि गुरं येतात, खाली पडलेली फुलं खाऊन टाकतात. ऊन चढलं की उरलेली फुलं मलूल होऊन मातीत मिसळतात. नऊ वाजता टोपलीत काय येणार? पोराची वही, सासूचं औषध, धान लावायच्या वेळची मजुरी, यातलं बरंच काही या चार आठवड्यांच्या वेचणीवर आणि नंतर तेंदूच्या हंगामावर चालतं. अंगणात वाळायला घातलेला मोह लालसर तपकिरी होतो तेव्हा तो पैसा झालेला असतो.

आजी वेचत होती आणि मी मोजत होतो, ती किती वेळ मान वर न करता वाकून राहते ते. माझ्या हिशेबाने फार वेळ. तिची नात काही अंतरावर पाठ करून नुसती उभी होती, हातात काठी. मी विचारलं, ही का वेचत नाही? 'तिची नजर हाय ना,' आजी म्हणाली. एकीने वेचायचं, एकीने उभं राहायचं. म्हणजे अर्ध्या हातांनी काम. ही त्यांनी स्वतः काढलेली तोड होती आणि तिची किंमत त्या स्वतः भरत होत्या.

धानोऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर मेंढा आहे. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवलेलं, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे देशभर माहीत झालेलं गाव. बाहेरचे पाहुणे आले की मी त्यांना तिथे घेऊन जायचो. तिथली रीत मला तोंडपाठ होती: आधी अभ्यास गटात बसायचं, विषय सगळ्या बाजूंनी समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सगळ्यांच्या संमतीने ठरवायचं. ही रीत मी पाहुण्यांना कौतुकाने सांगितली आणि स्वतः शेजारच्या गावात गेलो तो थेट उपदेश करायला.

10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. एकाच गावच्या, एकाच दिवशी. बातमी आली तेव्हा आमच्याकडेही तेंदूची तोडणी सुरू होती. त्या संध्याकाळी लोक पुन्हा बसले. मीही गेलो, पण या वेळी काय वाटतं ते विचारलं जाईपर्यंत बोललो नाही. ठरलं ते असं: एकटं कुणी जायचं नाही, ताजे पंजे किंवा शिकार दिसली तर त्या बाजूचं रान काही दिवस सोडायचं आणि वनरक्षकाला लगेच कळवायचं, गावाजवळची झाडं म्हाताऱ्यांना आणि एकट्या बायकांना द्यायची, लांबची झाडं तरण्यांच्या टोळीने वेचायची. जाळ्यांसाठी ग्रामसभेच्या पैशातून तरतूद करायची. माझ्याकडे काम आलं ते झाडांची यादी करायचं: कोणतं झाड कुणाचं, वस्तीपासून किती लांब. आठवी-नववीच्या पोरांना घेऊन ती यादी मी केली आहे.

अडलं एका गोष्टीवर. उजाडायच्या आत निघायचं नाही, हे बहुतेकांना पटलं होतं. आजीला नव्हतं. तिचं झाड लांबचं, नाल्यापलीकडचं, तिच्या सासऱ्यापासून चालत आलेलं. ते झाड तिला दुसऱ्याला द्यायचं नव्हतं. उजाडल्यावर गेली तर निम्मी फुलं चितळं खाणार. त्या निम्म्याचं काय, असं तिने सगळ्यांना विचारलं, मलाही विचारलं. टोळीने तिच्यासोबत आळीपाळीने जावं, असं एकाने सुचवलं. दुसरा म्हणाला, मग आमच्या झाडांचं काय. यंदाच्या वेचणीआधी हा विषय परत ग्रामसभेत येणार आहे. यादीत त्या झाडापुढची जागा मी कोरी ठेवली आहे.