कांदा अनुदाना, पट्टीवरचं नाव वाच

प्रिय कांदा अनुदान,

२०२३ च्या फेब्रुवारीत भीमेच्या अल्याड शिरूरला आणि पल्याड दौंडला रांगडा कांदा निघाला, तेव्हा तुझा पत्ता नव्हता. रांगडा टिकत नाही. उन्हाळी गावरान कांद्यासारखा तो बराखीत भरून भावाची वाट पाहता येत नाही. काढला की पात कापायची, गोण्या भरायच्या आणि मिळेल त्या भावाला घालायचा. त्याच महिन्यात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हाती ५१२ किलो कांद्याचे २ रुपये पडले. केडगावच्या बाजारात गाडी लावून उभ्या असलेल्या माणसाला ती बातमी वाचून नवल वाटलं नाही. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता विक्रीच्या पट्टीवर काय उरतं, हे त्याला पाठ होतं.

मार्चमध्ये विधिमंडळात तुझी घोषणा झाली. आधी क्विंटलला ३००, मग ३५० रुपये. म्हणजे किलोला साडेतीन. मर्यादा २०० क्विंटल, विक्री १ फेब्रुवारी ते ३१ मार्चमधली. २०१८-१९ ला तू २०० रुपयांनी आलं होतंस, त्यामुळे आम्ही तुला ओळखत होतो. तू आलंस याचा आनंदच झाला, हे मनापासून सांगते.

पण तू माणसाकडे आलं नाहीस, सातबाऱ्याकडे आलंस. उताऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे, तीही ई-पीक पाहणीतली. ज्यांनी मोबाइलवर ती केली नव्हती ते अडले. मग गावच्या समितीने खातरजमा करावी, अशी वाट काढावी लागली. तोवर कांदा खाऊन संपला होता. मोकळ्या रानात समितीने काय पाहायचं होतं?

सातबारा वडिलांचा आणि पट्टी मुलाच्या नावाची असेल, तर शपथपत्र घेऊन पैसे सातबारावाल्याच्या खात्यावर, असंही तुझ्या नियमात होतं. घरात ते चालून जातं. पण माझे चुलते दुसऱ्याच्या रानात निम्म्या वाट्याने कांदा करायचे. रोप त्यांचं, रात्रीच्या लाइटीला पाणी धरणं त्यांचं, पात कापायला चुलती आणि तिच्या जावा. पट्टीही चुलत्यांच्याच नावाची. उतारा मात्र मालकाचा. चुलत्यांना अर्जच करता आला नाही. आमच्या दोन्ही तालुक्यांत जमीन एकाची आणि राबणं दुसऱ्याचं, अशी रानं कमी नाहीत. चुलतीचं नाव तर कुठल्याच कागदावर नव्हतं, पट्टीवरसुद्धा नाही. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

आणि ज्यांना मिळायचं होतं, त्यांना कधी मिळालं? पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये सुटला. पुण्यासारख्या जास्त मागणीच्या जिल्ह्यांत, ज्यांचं येणं मोठं होतं त्यांना आधी १० हजारच. त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, १९ ऑगस्टला, केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं होतं. ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद केली. भाव पडल्यावर साडेतीन रुपये द्यायचे आणि चढू लागला की दार लावायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. दार उघडं राहिलं असतं तर तुझी गरज कितीजणांना पडली असती?

तुझा दोष नाही, हे कळतं. तू तिजोरीतून निघतंस, वाट दुसरे आखतात. तरी मागणं तुझ्याकडेच आहे, कारण पुन्हा भाव पडेल आणि तुला पुन्हा यावं लागेल. येशील तेव्हा उताऱ्याआधी पट्टीवरचं नाव वाच. पीक पाहणीत वाटेकऱ्याची आणि राबणाऱ्या बाईची नोंद घ्यायला लाव. आणि वेळेत ये. पुढच्या रांगड्याचं रोप ऑगस्टमध्ये टाकावं लागतं. बी, खत, मजुरी, सगळ्याला पैसा तेव्हाच लागतो. त्याच्या आत ये.

तुझी वाट पाहणारी,
भीमाकाठची एक शेतकरी