काठावरची खुर्ची

माघातला रविवार. उजाडता उजाडता आम्ही विष्णुपुरीला काळेश्वर मंदिराच्या पुढे, गोदावरीच्या काठावर पोहोचलो. नांदेड शहरापासून हे ठिकाण आठ-दहा किलोमीटरवर आहे. प्रकल्पाने अडवलेले पाणी इथे तळ्यासारखे संथ पसरलेले असते. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. सोबत माझे ७६ वर्षांचे रुग्ण, त्यांचा नातू, दोन गळ आणि हात टेकता येतील अशी एक प्लास्टिकची खुर्ची होती.

वाचकहो, त्या खुर्चीची हकीकत आधी सांगायला हवी. हे काका बालपणापासून गोदावरीत गळ टाकत आले. गेल्या वर्षी घाटाच्या ओल्या पायरीवरून घसरून त्यांचे मनगट मोडले. तेव्हा मीच बजावले होते, “काका, आता नदी बंद.” दीड महिन्यात हाड जुळले, माणूस मात्र खचत गेला. तीन महिन्यांनी सूनबाई आल्या. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, रिपोर्ट सगळे चांगले आहेत; पण मामंजी जेवत नाहीत, झोपत नाहीत, बोलत नाहीत.” तपासले तेव्हा खुर्चीतून उठताना त्यांचे पाय थरथरत होते.

चूक माझी होती. वृद्ध शरीर बसून राहिले की मांड्यांचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात, तोल जातो. आणि ज्या पडण्याच्या भीतीने आपण माणसाला बसवून ठेवतो, ते पडणेच जवळ येते. मी त्यांना घरातल्या घरात उठण्या-बसण्याचे व्यायाम दिले आणि पाय सावरल्यावर माझी आज्ञा मागे घेतली. पहिल्या खेपेस स्वतः सोबत गेलो.

गळाची मासेमारी म्हटले की अनेकांना हिमालयातील थंड प्रवाहांतला ट्राउट आठवतो. आपल्या उष्ण मराठवाड्यातील गोदावरीचे धन निराळे : रोहू, कटला, मरळ, वाम. काकांनी कणकेचा गोळा मळला. आदल्या रात्री काय जेवलो हे त्यांना आठवत नव्हते. गळाची गाठ मात्र त्यांनी पाण्याकडे पाहत, बोटांनीच मारली. हातांना जडलेले कौशल्य स्मरणशक्ती मंदावल्यावरही पुष्कळदा टिकून राहते. घरच्यांनी तेच हुडकून काढावे.

तासभर काहीच लागले नाही. दोऱ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा पाण्यावर डुलत होता. कोवळे ऊन पाठीवर आले. तीन महिने अबोल असलेले काका नातवाला हलक्या आवाजात सांगू लागले, “लगेच ओढू नको. दोनदा हलू दे, तिसऱ्यांदा बुडाला की झटका दे.” अखेर एक चिलापी लागली, तळहाताएवढी. ती नातवाने ओढली.

आपल्या घरीही असे कोणी असेल, तर काही पथ्ये पाळा. एकट्याने पाठवू नका. ओल्या दगडांपासून दूर, सपाट जागी खुर्ची मांडा. मधुमेह असेल तर खाऊन निघा, खिशात साखर ठेवा, अनवाणी चालू देऊ नका. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी खुर्चीतून सावकाश उठावे. गळ टोचल्यास जखम साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की पाणी अचानक वाढते. तेव्हा काठ वर्ज्य. जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थांकडे असतो. आधी विचारून घ्या.

लातूरकरांना मांजरा आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या त्या शहराला भरलेल्या नदीकाठी नुसते बसण्याचे मोलही ठाऊक आहे. मासा लागो वा न लागो.

परतताना काकांनी माझा हात धरला नाही. खुर्चीचा हात धरून, दमाने, स्वतःच उठले. घरी पोहोचताच सूनबाईंना म्हणाले, “मासा लहान आहे, पण रस्सा कर. काटे बघून वाढ.” संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला : काकांनी एक भाकरी जास्त मागितली होती.