राजाची कविता, कारागिराच्या मुलाची नाटकं

हैदराबाद वसवणारा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा आणि विल्यम शेक्सपिअर जवळजवळ एका वयाचे. शेक्सपिअर १६१६मध्ये वारला. त्याच वर्षी इकडे गोवळकोंड्यात दिवंगत कुलीच्या पुतण्याने, जो त्याचा जावईही होता, चुलत्याच्या कवितेचा 'कुल्लियात', म्हणजे समग्र संग्रह, सिद्ध केला. शेक्सपिअरची नाटकं हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्या जोडीदार नटांनी १६२३मध्ये एकत्र छापली. दोघांचंही लेखन असं मागे राहिलेल्यांनी जपलं. तरी राजाच्या कर्तृत्वावर कोणी फारसं बोट ठेवलं नाही, आणि हातमोजे शिवणाऱ्याच्या मुलाने, शेक्सपिअरने, ही नाटकं लिहिलीच नाहीत असं सांगायला मात्र डिलिया बेकनने १८५७मध्ये, थॉमस लूनीने १९२०मध्ये अख्खे ग्रंथ लिहिले. या संशयाचं मूळ पुराव्यात नाही, कुळात आहे, असं माझं मत आहे.

खरं तर संशयाला जास्त वाव राजाच्या बाबतीत आहे. दरबारी वजहीसारखा कसलेला कवी होता, आणि उस्तादाने शागिर्दाच्या ओळी सुधारायच्या ही रीतच होती. मग ही कविता कुलीचीच कशावरून? कवितेवरूनच. तो मिरगाच्या पावसावर लिहितो, वसंतावर लिहितो, आपल्या महालांवर आणि एकेका प्रेयसीवर नाव घेऊन लिहितो. पदरचा कवी धन्याची स्तुती करील. धन्याच्या अंतःपुरातलं इतकं लाडिक कौतुक धन्याच्याच तोंडी शोभतं. हीच कसोटी शेक्सपिअरला लावा. 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर'मध्ये एका माणसाच्या गोल दाढीला उपमा आहे ती हातमोजेवाल्याच्या कातडं तासायच्या सुरीची. लूनी ज्याला खरा लेखक मानतो त्या ऑक्सफर्डच्या अर्लाला ती सुरी सुचली असती? अशक्य नाही, पण कातड्याचा धंदा असलेल्या घरात ती रोज नजरेसमोर असणार. शिवाय हा अर्ल १६०४मध्येच वारला, आणि 'द टेम्पेस्ट' त्यानंतर काही वर्षांनी रंगभूमीवर आलं.

कोणी म्हणेल, कुळाचाच आकस असता तर खरा लेखक म्हणून नाटककार मार्लोचं नाव कशाला पुढे आलं असतं? तोही कँटरबरीच्या चांभाराचाच मुलगा. बरोबर, पण त्याच्याकडे केंब्रिजची पदवी होती. कुळाची जागा तिथे पदवीने घेतली एवढंच. आणि ३० मे १५९३ रोजी डेप्टफर्डला त्याचा खून झाल्याचा चौकशी अहवाल १९२५मध्ये सापडला आहे. तो खोटा मानल्याशिवाय मार्लोने ही नाटकं लिहिली हा तर्क उभाच राहत नाही. शेक्सपिअरच्या नाटकांची हस्तलिखितं नाहीत, हा आक्षेपही लंगडा: नाटकाची मालकी नाटकमंडळीची असे, आणि त्या काळच्या नाटककारांच्या हातच्या प्रती क्वचितच उरल्या आहेत.

संशय घेऊच नये असं नव्हे. ज्ञानेश्वर दोन होते, असं शिवराम एकनाथ भारदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं, तेव्हा त्यांनी ज्ञानेश्वरी आणि अभंग शेजारी ठेवून भाषा आणि दैवत तपासलं. अभंग तोंडोतोंडी फिरताना त्यांची भाषा बदलली, हे त्यावरचं उत्तर मला पटतं. तरी भारद्यांचा प्रश्न संहितेतून निघाला होता, म्हणून तो आदराने वाचावा.

शेक्सपिअरच्या १६२३च्या संग्रहात ३६ नाटकं आहेत. त्यांतली निम्मी तोवर छापलेलीच नव्हती. ती वाचवणाऱ्या त्या दोन नटांसाठी स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअरने आपल्या मृत्युपत्रात अंगठ्या घ्यायला पैसे ठेवले होते.