आबांचा लांडगा

आम्ही धनगर. मी सात वर्षांचा असताना लांडग्याने वाघुरीवरून उडी मारून माझे लाडके कोकरू नेले. म्हणूनच, अमेरिकेतील मोंटाना व आयडाहो राज्यांत लांडगे वाढल्यावर २००९ साली परवान्याने त्यांची शिकार सुरू झाली, हे वाचून मला प्रथम बरेच वाटले.

आबांना सांगितले. ते म्हणाले, "त्यो प्वाटासाठी नेतो, पोरा. हौसंनं मारणारा त्याच्याहून वंगाळ."

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे लांडग्याची शिकार गुन्हा आहे. माळरानेच आटत चालली असताना बंदी राहावीच. पण नेलेल्या कोकराची भरपाई धनगराच्या हाती वेळेवर पडावी. लांडगा साऱ्यांचा, मग त्याला पोसण्याचा भार एकट्या आबांवर का?